रविवार भेटीचा, प्रस्थान तिथीचे

पौष वद्य एकादशीला श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथ महाराजांची यात्रा भरते. ज्ञानोबारायांचे हे थोरले बंधू आणि सद्गुरू. या यात्रेला आपल्या पालघर, बोईसर-तारापूर भागातून पायी जाणाऱ्या काही मंडळींनी अलीकडे रविवार फार जवळ केला आहे. रविवारी गावात यायचे, कीर्तन ऐकायचे आणि लगेच प्रस्थान ठेवायचे. या पद्धतीचा आज परामर्श घ्यायचा आहे. मी कीर्तनाला उभे राहणे थांबवून आता वर्षे झाली. त्यामुळे कुणाच्या मानाशी वा बिदागीशी माझे काही अडलेले नाही.

रविवार का, हे आधी समजून घेऊ. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली. घाटावरची, खानदेशातली, मराठवाड्यातली माणसे पोटासाठी इथे आली, आणि येताना गळ्यातली माळ घेऊनच आली. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली, तसे विरार-वसईकडूनही येणे सोपे झाले. कुणाला पाळी, कुणाला कचेरी. बहुतेकांना मोकळा वार एकच. माणूस ज्या दिवशी येऊ शकतो त्या दिवशी त्याला बोलवावे, यात दोष नाही.

दोष पुढे आहे. पालघर, मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक ही पायी पाच-सहा दिवसांची चाल. दशमीला क्षेत्री पोहोचायचे, तर निघण्याचा दिवस तिथीवरून मागे मोजावा लागतो. पंचांग उघडून पाहा. २०२५ साली एकादशी २५ जानेवारीला, शनिवारी आली. १९ तारखेच्या रविवारी निघालेला सहाव्या दिवशी, दशमीला पोहोचतो. छान जमले. पण २०२४ साली एकादशी ६ फेब्रुवारीला, मंगळवारी होती. आदल्या रविवारी निघालात तर हाती दोनच दिवस, त्याआधीच्या रविवारी निघालात तर नऊ. २०२६ साली ती १४ जानेवारीला, बुधवारी. तिथे तीन दिवस किंवा दहा. आता सांगा, तीन दिवसांत सगळा घाट पायी कसा चढणार? मग टेम्पो येतो. मनोरपर्यंत पताका, पुढे गाडी, आणि त्र्यंबकच्या अलीकडे पुन्हा पताका. तिथीला वाराच्या मापात बसवायला गेले की चाल कापली जाते, आणि फलकावर मात्र ‘पायी दिंडी’ असेच लिहिलेले राहते.

दुसरा दोष कीर्तनाचा. प्रस्थानाच्या आदल्या संध्याकाळचे कीर्तन हे वाटचालीचे कीर्तन. त्यात निवृत्तिनाथांचे चरित्र यावे, दिंडीची शिस्त यावी, विणेकऱ्याचा मान आणि चोपदाराची आज्ञा यांचा अर्थ उलगडावा. ऐकायला मात्र काय मिळते? तासभर सत्कार, शाल-श्रीफळ, पुढाऱ्यांची भाषणे. उरलेल्या वेळात बुवा विनोद सांगतात, टाळकरी घड्याळ पाहतात. कालच पहिल्यांदा माळ घातलेला पोरगा बोईसर स्टेशनावर उतरून, पाठीवर पिशवी घेऊन मंडपाच्या कडेला उभा असतो. किनाऱ्यावरच्या त्या पोराला पौषात जव्हार-मोखाड्याची रात्र किती गार असते हे कुणी सांगत नाही. कांबळे घेतलेस का, कुणाच्या शेजारी चालणार, हे कुणी विचारत नाही. महाप्रसाद होतो, छायाचित्रे निघतात, आणि अर्धा मंडप रात्रीच्या गाडीने घरी जातो. रविवारचा सोहळा पार पडला, म्हणजे वारी झाली, असा समज यातूनच रुजतो. मला भीती वाटते ती या समजाची.

कुणी म्हणेल, महाराज, ज्याला रजाच नाही त्याने काय करावे? त्याच्यासाठी सावता महाराज आहेत. अरणच्या मळ्यात राबता राबता त्यांनी देवाला आळवले. ते पंढरीस गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, असे परंपरा सांगते. कामामुळे न चालणारा कमी नव्हे. पाळी सांभाळून त्याने हरिपाठ म्हणावा, दिंडीला वेशीपर्यंत पोहोचवावे, शिधा द्यावा. त्याची सेवा पुरी आहे. पण त्याच्या सोयीसाठी चालणाऱ्याची वाट तोडू नये. सावतोबांनी मळ्यात राहून आपण पंढरीला चाललो असे कधी भासवले नाही.

म्हणून मंडळांना विनंती आहे. रविवार ठेवाच, पण तो भेटीचा ठेवा. त्या दिवशी नवा माणूस आला की आधी त्याला पाणी द्या, नाव विचारा, एका जुन्या वारकऱ्याच्या हाती सोपवा. कीर्तन वेळेवर सुरू करा आणि शेवटच्या गाडीआधी आवरा. सत्कार करायचेच असतील तर दिंडी परत आल्यावर करा. तेव्हा कोण चालले हे पायांकडे पाहूनच कळेल. प्रस्थान मात्र तिथीवरून मोजा, मग तो वार सोमवार येवो की गुरुवार. त्या दिवशी पन्नासाऐवजी वीसच माणसे निघाली, तर वीसच निघू द्या. ती वीस माणसे त्र्यंबकच्या वेशीवर आपल्या पायांनी उभी राहतील. नाथांच्या समाधीपुढे डोके ठेवताना त्यांना काही लपवावे लागणार नाही.

रामकृष्णहरी.