रवींद्रनाथांचीं चित्रें : स्फूर्ति आणि संस्कार

मोठ्या कवीनें उतारवयांत हातीं कुंचला घेतला म्हणजे टीकाकारापुढें अवघड प्रसंग उभा राहतो. स्तुति करावी, तर ती चित्रांची कीं कवीच्या कीर्तीची, असा संशय उरतो. दोष दाखवावे, तर अरसिकतेचा शिक्का कपाळीं बसतो. मीहि बरींच वर्षें हा प्रसंग टाळीत आलों. वर्गांत रवींद्रनाथांच्या काव्यावर बोलतांना त्यांच्या चित्रांचा विषय निघाला, कीं ‘तो त्यांचा विरंगुळा’ असें म्हणून मी पुढें जात असें. आज तें वाक्य मला परत घ्यावयाचें आहे. सर्वस्वीं नव्हे, पण बव्हंशीं.

या चित्रकलेचा इतिहास थोडक्यांत असा. 1900 सालीं जगदीशचंद्र बोस यांना लिहिलेल्या पत्रांत आपण चित्रें काढूं लागल्याचें रवींद्रनाथ विनोदानें कळवितात, आणि पेन्सिलीपेक्षां रबरच अधिक चालतें अशी कबुलीहि देतात. तो नाद तेव्हां मागें पडला. पुढें 1924 सालीं आर्जेंटिनांत व्हिक्टोरिया ओकांपो यांच्याकडे ते पाहुणे असतां, ‘पूरबी’च्या हस्तलिखितांतील खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडल्या जाऊन त्यांतून चित्रविचित्र आकृति उगवत असलेल्या त्या बाईंनीं पाहिल्या. 1928 च्या सुमारास हीं खोडाखोडीचीं अपत्यें वहींतून बाहेर पडून स्वतंत्र कागदावर आलीं. मे 1930 मध्यें पॅरिसच्या पिगाल चित्रशाळेंत, ओकांपोबाईंच्याच खटपटीनें, पहिलें प्रदर्शन भरलें. त्याच वर्षीं बर्लिन, मॉस्को, न्यूयॉर्क येथील रसिकांनींहि हीं चित्रें पाहिलीं. कवीचें वय तेव्हां 69 वर्षांचें होतें. 1941 सालीं त्यांचा अंत होईपर्यंत चित्रांची संख्या 2000 च्या पलीकडे गेली.

आम्हां महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांना हीं चित्रें प्रथम खटकतात, व त्याचें कारण उघड आहे. 1857 सालीं मुंबईस निघालेल्या सर जे. जे. कलाशाळेनें समोरचा माणूस जसाच्या तसा उतरविणें हा चित्रकलेचा पाया होय असें आम्हांला शिकविलें, आणि धुरंधरांसारख्यांच्या कुंचल्यानें तें शिक्षण सार्थहि करून दाखविलें. त्या मोजपट्टीनें पाहिलें, तर रवींद्रनाथांच्या माणसांचे हात बाह्यांत लपलेले, पाय अंगरख्याखालीं बुडालेले, मान खांद्यावर कशीबशी टेकलेली. टीकाकार म्हणतो, ‘येथें शरीररचनेचें ज्ञान नाहीं.’ भक्त उत्तर देतो, ‘ज्ञान हवें कशाला? ही अंतःस्फूर्ति आहे!’ मला वाटतें, दोघेहि एकच चूक करतात. जेथें स्फूर्ति असते तेथें संस्काराची गरज नसते, हें दोघेहि गृहीत धरून चालतात.

रवींद्रनाथांनीं आपली रीति स्वतःच सांगितली आहे. कवितेंत आधीं विषय मनांत अंधुकसा उमटतो व मग शब्द येतात. चित्रांत मात्र आधीं रेषा येते, आणि आपण पुढें काय होणार हें ती रेषाच ठरविते, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ. म्हणूनच बहुतेक चित्रांना त्यांनीं नांवें दिलीं नाहींत. रंगीत शाई, लेखणी, प्रसंगीं चिंधी किंवा बोट, एवढ्या सामग्रीवर त्यांचें काम चाले. परंतु ही रेषा कोणाच्या हातांतून निघत होती? अर्ध्या शतकाहून अधिक काळ ज्यानें रोज अक्षर वळविलें, छंदाच्या मात्रा मोजल्या, नको तो शब्द निर्दयपणें छाटला, त्या हातांतून. ओळ खोडणें ही देखील निवडच असते. 1900 सालीं जी खोडाखोड चित्र पुसून टाकीत होती, तीच 1924 सालीं चित्राला जन्म देऊं लागली, यांत चमत्कार कांहींच नाहीं. मधल्या 24 वर्षांच्या व्यासंगाचें तें फळ आहे. शिवाय डोळाहि कोरा नव्हता. घरांत अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ हे पुतणे, शांतिनिकेतनांत नंदलाल बोस, 1916 च्या प्रवासांत पाहिलेली जपानी चित्रकला, आणि 1922 सालीं कलकत्त्यास भरलेलें क्ले, कांडिन्स्की वगैरे बाउहाउस मंडळींच्या कृतींचें प्रदर्शन, या सर्वांचा सहवास त्या डोळ्याला घडला होता.

मग हीं सगळींच चित्रें सारख्या मोलाचीं काय? मुळींच नाहीं. हस्तलिखिताच्या सवयीनें रेषा जेथें केवळ स्वतःशींच खेळत राहते, तेथें प्राणी नक्षीदार होतो पण जिवंत होत नाहीं. अशीं चित्रें पुष्कळ आहेत, आणि कवीचें नांव झांकलें तर त्यांच्यापाशीं कोणी क्षणभरहि थांबणार नाहीं. परंतु बायकांचे ते लांबट चेहरे पाहा. मागें गडद अंधार, पदरानें वेढलेलें मुख, कपाळावर व नाकाच्या दांडीवर तेवढा पिवळसर उजेड. आणि डोळे असे, कीं ते आपल्याकडे पाहतात, पण सांगत कांहींच नाहींत. शब्द ज्याला कधीं अपुरे पडले नाहींत, अशा पुरुषानें येथें मौन पत्करलें आहे. हात-पाय नसणें हा दोष येथें दोष राहत नाहीं, कारण त्या चित्राला त्यांची गरजच नाहीं. रेषा कोठें थांबवावी हें ज्याला इतकें अचूक कळलें, त्याला अडाणी म्हणणें धाडसाचें होईल.

हा भेद करणें कां अगत्याचें, तेंहि सांगतों. 2010 सालीं लंडनमध्यें त्यांच्या 12 चित्रांच्या लिलावांत सुमारें 16 लाख पौंड आले. पण किंमत म्हणजे पारख नव्हे, आणि सरसकट स्तुतीनें उत्तम चित्रांचाच अपमान होतो. दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची आहे. मागें एक विद्यार्थी चित्रांची वही घेऊन माझ्याकडे आला. रेखाटन कच्चें असल्याचें मीं दाखवितांच तो म्हणाला, ‘सर, रवींद्रनाथ तरी कोठें शिकले होते?’ मीं त्याला म्हटलें, ‘बाबा रे, रवींद्रनाथांनीं शाळा चुकविली, अभ्यास चुकविला नाहीं.’ उत्तर त्याला पटलें कीं नाहीं कोण जाणे. मला मात्र त्या दिवशीं माझ्या ‘विरंगुळा’ या शब्दाची लाज वाटली. जें मीं त्याला ऐकविलें, तें मीं स्वतः कधीं पारखून पाहिलें होतें काय?

वाचकांना विनंति एवढीच, कीं हीं चित्रें पाहतांना चित्रकाराचें नांव घटकाभर विसरावें. बरींचशीं पानें मग मुकाट्यानें उलटलीं जातील. जेथें हात थांबेल, तेथें कवि नव्हे, चित्रकार भेटेल.