‘बोलिंग फॉर कोलंबाइन’ : भीती, बंदूक आणि दहशतवादाची व्याख्या

‘दहशत’ म्हणजे भीती, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग शाळेत शिरून गोळ्या झाडणाऱ्याला आपण दहशतवादी म्हणतो का? मायकेल मूर यांचा ‘बोलिंग फॉर कोलंबाइन’ (२००२) हा ऑस्कर विजेता माहितीपट पाहताना हा प्रश्न मनात ठेवा. माहितीपट या प्रश्नाच्या अगदी जवळ येतो, पण तो विचारत नाही. प्रस्तुत टिपणात आपण त्याची कारणे पाहू.

प्रथम पार्श्वभूमी लक्षात घ्या. २० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. त्यात १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक मारले गेले; नंतर हल्लेखोरांनी आत्महत्या केली.

अमेरिकेत बंदुकीने इतकी माणसे का मरतात, हा मूर यांचा प्रश्न आहे. ‘बंदुका फार आहेत म्हणून’ हे उत्तर त्यांना अपुरे वाटते. कॅनडातही बंदुका भरपूर आहेत, पण हत्या कमी आहेत, असे ते दाखवतात. तिथले लोक दाराला कुलूपही लावत नाहीत. म्हणून खरे कारण भीती, असा निष्कर्ष ते काढतात. टीव्हीच्या बातम्या रोज भीती विकतात, विशेषतः कृष्णवर्णीयांची. आणि घाबरलेला माणूस बंदूक घेतो.

हे विवेचन प्रभावी आहे, पण त्यात एक मोठी फट आहे. कॅनडात हातबंदुकांची नोंदणी १९३४ पासून सक्तीची आहे आणि १९९५ च्या कायद्याने बंदूक बाळगण्यासाठी परवाना आवश्यक केला. बंदुका किती आहेत याइतकेच त्या कोणाला आणि कशा मिळतात, हेही महत्त्वाचे असते. मूर पहिली गोष्ट मोजतात, दुसरीवरून मात्र पुढे सरकतात.

गंमत अशी की, त्यांची स्वतःची दृश्येच त्यांच्या निष्कर्षाविरुद्ध साक्ष देतात. सुरुवातीला ते मिशिगनमधील एका बँकेत खाते उघडतात आणि भेट म्हणून बंदूक मिळवतात. फ्लिंट शहराजवळ सहा वर्षांच्या मुलाने वर्गातील मुलीला गोळी घातली, त्याचे मूळ ते त्याच्या आईच्या गरिबीत शोधतात. पण त्या मुलाला बंदूक नातेवाइकाच्या घरी सहज सापडली होती. सर्वांत परिणामकारक दृश्य केमार्टचे आहे. कोलंबाइनमध्ये जखमी झालेले दोन तरुण मूर यांच्यासोबत कंपनीच्या मुख्यालयात जातात आणि कंपनी हातबंदुकीच्या गोळ्यांची विक्री बंद करण्याचे जाहीर करते. संपूर्ण माहितीपटात प्रत्यक्ष बदल घडतो तो इथेच. तो बदल भीतीत होत नाही, उपलब्धतेत होतो.

आता व्याख्येकडे वळू. १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटी येथे बाँबस्फोटात १६८ जण ठार झाले. त्यात दोषी ठरलेल्या एकाच्या भावाची मुलाखत माहितीपटात आहे. त्या घटनेला अमेरिकेने दहशतवाद म्हटले. कोलंबाइनच्या हल्लेखोरांनीही उपाहारगृहात मोठे बाँब ठेवले होते. ते फुटले नाहीत, म्हणून ती घटना ‘शाळेतील गोळीबार’ म्हणून लक्षात राहिली. दोन्ही घटना एकाच माहितीपटात असूनही त्यांना वेगवेगळी नावे का, हे मूर विचारत नाहीत. भीतीवरच माहितीपट काढणाऱ्याने हे विचारायला हवे होते.

कायद्याचे उत्तर ‘हेतू’ या शब्दात आहे. २००१ च्या पेट्रियट कायद्यानुसार जनतेला धमकावण्याच्या किंवा धाकाने सरकारी धोरण बदलण्याच्या हेतूने केलेले, जिवाला धोकादायक असे बेकायदा कृत्य म्हणजे देशांतर्गत दहशतवाद. मात्र त्या नावाचा स्वतंत्र दंडनीय गुन्हा संघीय कायद्यात नाही. याचा परिणाम पाहा. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या एका चर्चमध्ये गोऱ्या वर्चस्ववादी तरुणाने नऊ कृष्णवर्णीयांची हत्या केली. वांशिक युद्ध पेटवण्याचा त्याचा उद्देश होता. खटला चालला तो द्वेषमूलक गुन्ह्यांचा, दहशतवादाचा नव्हे.

हा अन्याय खराच, कारण कोणाच्या हिंसेला कोणते नाव मिळते यावरून कोणत्या समाजाकडे संशयाने पाहायचे हे ठरते. पण केवळ नाव बदलून भागत नाही. त्या तरुणाची पार्श्वभूमी तपासणी तीन दिवसांत पूर्ण झाली नाही आणि तशा स्थितीत विक्री करण्याची मुभा कायद्याने दिली होती. त्याला बंदूक मिळायला नको होती, हे नंतर एफबीआयच्या संचालकांनी मान्य केले. हेतू कळतो तो बहुधा घटनेनंतर; विक्रीची खिडकी त्याआधी उघडी असते.

म्हणून हा माहितीपट जरूर पाहा, पण मूर यांचे निवेदन आणि त्यांची दृश्ये वेगवेगळी तपासा. निवेदन भीतीकडे बोट दाखवते. दृश्ये पुन्हा पुन्हा बंदूक हातात कशी आली, इथे येऊन थांबतात.

विचारासाठी प्रश्न : मृतांची संख्या, हल्लेखोराचा हेतू आणि वाचलेल्यांची भीती, यांपैकी कशावरून एखादे कृत्य दहशतवाद ठरावे? तुमचे उत्तर कोलंबाइन आणि चार्ल्स्टन या दोन्ही घटनांना लावून पाहा.