त्वचेवरचे अक्षर आणि टंक : टॅटू-लेखनावर आधारलेल्या टंकांचा चिकित्सक विचार

१. प्रस्तावना

अक्षरकलेच्या अभ्यासात अक्षराच्या वळणाचा विचार बहुधा ते घडवणाऱ्या साधनापासून सुरू होतो. बोरूचे अक्षर, कुंचल्याचे अक्षर, छिन्नीचे अक्षर हे भेद आपल्या परिचयाचे आहेत. संगणकीय टंकांच्या बाजारात गेल्या काही दशकांत यात आणखी एका साधनाची भर पडली आहे. ते साधन म्हणजे टॅटूची सुई. पारंपरिक अमेरिकन टॅटू-लेखनापासून स्फूर्ती घेतल्याचे सांगणारे टंक आज कपड्यांवर, मद्याच्या बाटल्यांवर, ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर आणि उपाहारगृहांच्या पाट्यांवर सर्रास दिसतात. त्यांची लोकप्रियता वादातीत आहे, परंतु त्यांचे मूल्यमापन क्वचितच होते.

प्रस्तुत लेखात अशा टंकांचा विचार अमेरिकन टॅटू-लेखनाच्या दोन शाखांच्या आधारे केला आहे. पहिली शाखा बंदरांतील खलाशी व सैनिकांसाठी घडलेली आणि दुसरी लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाच्या, म्हणजे चिकानो समाजात घडलेली. शेवटी देवनागरीसंबंधी काही विचार मांडले आहेत. टॅटूतील अक्षराचे रूप काही निश्चित कारणांनी घडते. बहुतेक टंक त्या रूपाच्या खुणा उचलतात आणि कारणे मागे ठेवतात. म्हणून अशा टंकाची पारख साम्यावरून न करता त्यात किती कारणे शिल्लक राहिली यावरून करावी, अशी या लेखाची भूमिका आहे.

२. यंत्राचा उगम आणि ‘अस्सलपणा’चा प्रश्न

टॅटू म्हणजे शुद्ध हस्तकला आणि टंक म्हणजे तिची यांत्रिक विटंबना, अशी मांडणी करण्याचा मोह होतो. इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही. थॉमस एडिसनने १८७६ साली विद्युत लेखणीचे पेटंट घेतले. या लेखणीतील सुई छोट्या मोटारीच्या साह्याने वेगाने वरखाली होई व कागदावर छिद्रांच्या रूपाने मजकूर उमटवी. त्या छिद्रांतून शाई दाबून एका मजकुराच्या अनेक प्रती काढता येत. १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यांनी टॅटूच्या विद्युत यंत्राचे पेटंट मिळवले, ते याच तत्त्वाचा आधार घेऊन. म्हणजे ज्या यंत्राने आधुनिक टॅटू घडवला, त्याचा पूर्वज मजकुराच्या प्रती काढण्याचेच साधन होता.

पुढील व्यवहारातही पुनरावृत्ती होतीच. दुकानाच्या भिंतीवर ‘फ्लॅश’ नावाने ओळखले जाणारे नमुन्यांचे तक्ते लावलेले असत. ग्राहक त्यातून नमुना निवडी. सेल्युलॉइड किंवा ॲसिटेटच्या पत्र्यावर कोरलेल्या रेघांत कोळशाची पूड भरून तो नमुना त्वचेवर उमटवला जाई आणि मग सुई चाले. होनोलुलूच्या हॉटेल स्ट्रीट परिसरात काम करणारे नॉर्मन कॉलिन्स (१९११–१९७३) ऊर्फ ‘सेलर जेरी’ याच परंपरेतले. तेव्हा पुनरावृत्ती हा टंकाचा दोष मानता येणार नाही. प्रश्न आहे तो पुनरावृत्ती कशी होते याचा. नमुन्यातील गरुड वा गुलाब तोच असला, तरी त्याखालच्या फितीतील नाव दर वेळी वेगळे असे आणि ते त्या जागेत हातानेच बसवावे लागे. तक्त्यावरून उचलता न येणारा भाग मुख्यतः अक्षरांचाच होता.

३. रूपामागील कारणे

खलाशी परंपरेतील अक्षर ठसठशीत, मोकळे व जाड बाह्यरेषेचे असते. एका अंगाला काळी छटा असते. या प्रत्येक वैशिष्ट्यामागे कारण आहे. शाईचे कण त्वचेच्या आतल्या थरात साठतात. तेथील पेशी ते कण गिळून धरून ठेवतात, तरी वर्षे जातील तशी रेघ थोडीथोडी पसरते. त्यामुळे आज बारीक व सुबक वाटणारे अक्षर वीस वर्षांनी बुजू शकते. लहान लिपीतील ‘ई’ किंवा ‘ए’ या रोमन अक्षरांच्या पोटातील जागा प्रथम भरते. म्हणून जाणता कारागीर अक्षर मोठे घेतो, पोकळी मोकळी ठेवतो आणि दोन अक्षरांत पुरेसे अंतर राखतो. तो आजच्या अक्षराबरोबरच भावी काळातील अक्षरही रेखाटत असतो.

फितीचेही तसेच. वळणे घेणारी फीत केवळ शोभेची नसते. दंडाच्या गोलाईवर सरळ ओळ वाकडी दिसते, फितीतील ओळ मात्र वळणासह स्वाभाविक वाटते. तीन अक्षरांचा ‘मॉम’ आणि दहा अक्षरांचे एखादे नाव सारख्याच फितीत बसवायचे, तर अक्षरांची रुंदी, अंतर व कल सतत बदलावा लागतो.

चिकानो शाखेतील कारणे वेगळी आहेत. कारागृहांत कॅसेट-प्लेअरची मोटार व गिटारची तार वापरून यंत्रे जुळवली जात. एकच सुई आणि एकच काळी शाई या मर्यादेतून बारीक रेघेची, काळ्या-करड्या छटांची शैली घडली. १९७५ साली चार्ली कार्टराइट व जॅक रूडी यांनी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये काढलेल्या ‘गुड टाइम चार्लीज टॅटूलँड’ या दुकानाने ती व्यावसायिक व्यवहारात आणली. या शैलीचे लाडके अक्षर म्हणजे ‘ओल्ड इंग्लिश’ नावाने परिचित असलेले ब्लॅकलेटर. वर्तमानपत्रांची शीर्षके, पदविकापत्रे व धार्मिक छपाई यांतून ते अक्षर प्रतिष्ठेची खूण म्हणून सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. ज्यांना त्या प्रतिष्ठेत वाटा नव्हता, त्यांनी तेच अक्षर आपल्या वस्तीच्या भिंतीवर आणि पुढे छातीवर, पोटावर लिहिले. उसनवारी येथेही आहे, पण ती अर्थपूर्ण आहे.

४. टंकात काय उरते

या पार्श्वभूमीवर टॅटू-टंकांकडे पाहिले असता तीन उणिवा ठळकपणे जाणवतात.

पहिली उणीव शेजाराची. मुद्रणविद्येचा जुना संकेत असा, की ब्लॅकलेटरची मोठी अक्षरे सलग जुळवू नयेत, कारण ती वाचली जात नाहीत. चिकानो लेखनात ती सलग येतात आणि तरीही शोभतात, कारण कारागीर प्रत्येक अक्षर शेजाऱ्याकडे पाहून नव्याने रेखाटतो. कुठे टोक आखडते, कुठे शेपूट पुढच्या अक्षराखाली जाते. टंकात हीच अक्षरे सुटी, स्वयंपूर्ण आणि एकमेकांशी अबोला धरलेली असतात. ‘गियेर्मो’ या स्पॅनिश नावाच्या रोमन लेखनात जोडीने येणारे दोन ‘एल्’ कारागिराच्या हातून कधीच सारखे उतरणार नाहीत. टंकात ते जुळे असतात.

दुसरी उणीव काळाची. काही टंकांत झिजलेल्या कडा व विटलेली शाई मुद्दाम दाखवलेली असते. परंतु एका ‘ए’वर जो डाग, तोच पुढच्या प्रत्येक ‘ए’वर येतो. झीज ही व्यक्तिगत घटना असते. तिचा साचा केला की ते केवळ अलंकरण उरते.

तिसरी उणीव पृष्ठभागाची. टंक सपाट रेषेवर चालतो. फितीचा आकार देण्याची सोय संगणकात असली, तरी ती अक्षरांना रबरासारखी ताणते. रेघांची जाडी त्यामुळे बिघडते.

या उणिवा तंत्राने लादलेल्या आहेत, असे आज म्हणता येत नाही. मायक्रोसॉफ्ट व अडोबी यांनी १९९६ साली जाहीर केलेल्या ओपनटाइप या रचनेत एका अक्षराची अनेक पर्यायी रूपे ठेवता येतात आणि शेजारच्या अक्षरानुसार योग्य रूप आपोआप निवडता येते. ज्या टंककारांनी ही सोय मनापासून वापरली, त्यांच्या टंकांत टॅटू-लेखनाचे वळणच नव्हे, तर त्याची विचारपद्धतीही काही अंशी उतरते. इतरांच्या बाबतीत टॅटू हे केवळ वेष्टन ठरते.

हा केवळ सौंदर्याभिरुचीचा प्रश्न नाही. ग्राहक आता संगणकावर टंक निवडून त्याची छापील प्रत घेऊन टॅटूच्या दुकानात जातात. तेथील यंत्र ती जशीच्या तशी स्टेन्सिलवर उतरवते. पडद्यावर मोहक दिसणारी केसासारखी रेघ व चिमुकली पोकळी त्वचेवर जाते, आणि त्वचा तिचे काय करते हे वर पाहिलेच आहे. ज्या परंपरेने शाईचा स्वभाव ओळखून अक्षर घडवले, तिच्याच नावाने विकला जाणारा टंक ते ज्ञान गाळून पुन्हा माणसाच्या अंगावर परततो. कागदावरील चूक पुढील आवृत्तीत सुधारता येते, येथे ती सोय सहजासहजी नाही.

५. कर्तृत्वाचा प्रश्न

अमेरिकन कायद्यानुसार अक्षराच्या आकारावर स्वामित्वहक्क मिळत नाही. ‘एल्ट्रा कॉर्पोरेशन विरुद्ध रिंगर’ या १९७८ च्या निर्णयात हे स्पष्ट झाले. टंकाच्या संगणकीय आज्ञावलीस मात्र संरक्षण मिळू शकते. परिणाम असा, की आयुष्यभर अक्षर घासणाऱ्या कारागिराचा त्याच्या वळणावर हक्क नाही, पण ते वळण संगणकात उतरवणाऱ्याच्या फायलीस संरक्षण आहे.

कायद्याने जे दिले नाही, ते सौजन्याने देता येते. दिल्लीचे दिवंगत कलावंत हनीफ कुरेशी यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ या उपक्रमात रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरे संगणकात आणली, तेव्हा टंकांना त्या त्या पेंटरचेच नाव दिले. ‘पेंटर कफील’ हा टंक वापरणाऱ्यास त्या हाताची आठवण ठेवावीच लागते. टॅटू-टंकांच्या बाबतीत ‘पारंपरिक’ हे विशेषण अनेकदा उलट काम करते. परंपरा म्हटले की व्यक्ती नाहीशी होते.

६. देवनागरीच्या संदर्भात

त्वचेवरील देवनागरी आपल्याला नवी नाही. महाराष्ट्रात हातावर गोंदवलेली नावे व देवनामे मागील पिढ्यांत सर्वत्र दिसत. छत्तीसगडमधील रामनामी पंथीयांनी तर ‘राम’ हा एकच शब्द सर्वांगावर गोंदवून घेतला. पुनरावृत्ती आणि एकजिनसीपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून चटकन ध्यानात येते. शब्द तोच असतो, अक्षर मात्र जागेनुसार व हातानुसार वेगळे होते.

आता टॅटूसाठी देवनागरी टंकही निवडले जातात. येथे रोमनमध्ये नसलेला एक धोका आहे. ‘ध’ आणि ‘घ’, तसेच ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद मुख्यतः शिरोरेषेतील छोट्याशा खंडावर अवलंबून असतो. शाई पसरून तो खंड बुजला, तर ‘ध’चा ‘घ’ होतो. ‘ब’च्या पोटातील रेघ व अनुस्वाराचा बिंदू यांचीही तीच अवस्था. म्हणून गोंदणावर आधारलेला देवनागरी टंक करायचा झाल्यास ठिपक्यांची नक्कल करण्याआधी हा खंड रुंद करावा लागेल. शिवाय भारतीय लिप्यांची जुळणी न जाणणाऱ्या संगणकप्रणालीत जोडाक्षरे सुटतात आणि पहिली वेलांटी व्यंजनामागे जाऊन बसते. ही चूक त्वचेवर जाण्यापूर्वी पकडणारा वाचक दुकानात असेलच असे नाही.

वाचक कोण, हाही मुद्दा आहेच. २००० साली फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम यांनी पत्नीचे नाव देवनागरीत हातावर लिहून घेतले. त्यात जादा ‘ह’ असल्याची टीका ब्रिटिश वृत्तपत्रांनी केली. मराठी वाचकाला मात्र ‘व्हिक्टोरिया’ हे शुद्धच वाटेल, मुंबईच्या स्थानकाचे जुने नाव आपण तसेच लिहीत आलो. लिपी एक असली तरी लेखनाचे संकेत भाषेगणिक बदलतात, आणि टंक ते सांगू शकत नाही.

७. समारोप

टॅटू-लेखन हे मुद्रणाचे, पाट्यांचे व कार्यालयीन यंत्रांचे ऋण घेऊनच वाढले. तेव्हा त्याचा टंक होणे हा अपघात नव्हे आणि अपराधही नव्हे. मात्र ऋण घेणाऱ्या कारागिराने घेतलेले अक्षर त्वचेला मानवेल असे बदलून घेतले होते. टंककाराकडून अपेक्षा तेवढीच आहे. त्याने अक्षराचे शेजार, त्याचे वय आणि ते घडवणाऱ्याचे नाव यांचा विचार करावा. उपयोजित कलेच्या वर्गांत असे टंक अभ्यासासाठी घेताना विद्यार्थ्यांना ‘हे कशासारखे दिसते’ याऐवजी ‘हे असे का झाले’ असे विचारले, तर या विषयाचे शैक्षणिक मोल वाढेल. ते अक्षर कोणाच्या तरी हातावर आयुष्यभर राहणार असेल, तर हा प्रश्न विचारणे आपले कर्तव्यही ठरते.