लिंफोमाची साध्यासाध्यता आणि रक्तपेशींचे गुणोत्तर

लिंफोमाच्या रुग्णाची साध्यासाध्यता साध्या रक्तगणनेवरून ठरविता येईल काय, या प्रश्नाचा गेल्या दीड दशकात बराच खल झाला आहे. २०११ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी विसरित बृहत् बी-पेशी लिंफोमापुरता असा निष्कर्ष मांडला की, निदानसमयी दर मायक्रोलिटर रक्तात लिंफोसाइट १००० वा त्याहून कमी आणि मोनोसाइट ६३० वा त्याहून अधिक असतील, तर रुग्णाचे भवितव्य चिंताजनक समजावे. पुढे या दोन संख्यांच्या जागी त्यांचे गुणोत्तरच आले आणि निबंधांचा पूर लोटला.

कल्पनेचा पाया भक्कम आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. लिंफोसाइट शरीराच्या बाजूने लढतात. मोनोसाइट मात्र ग्रंथीत शिरून महाभक्षी पेशी बनतात आणि पुष्कळदा अर्बुदाचीच पाठराखण करतात. २००४ साली पुटकीय लिंफोमात आणि २०१० साली हॉजकिनच्या रोगात, अर्बुदाच्या सान्निध्यातील अशा पेशींचा रुग्णाच्या आयुर्मानाशी संबंध दिसून आला. लिंफोसाइटांची अल्पता हा तर १९९८ पासून हॉजकिन-रोगाच्या सात घटकांच्या निर्देशांकाचा एक भागच आहे.

परंतु ग्रंथीत पेशींचा जो परस्परव्यवहार चालतो, तो रक्तातील भागाकारात उतरतोच असे नाही. लिंफोसाइट ४००० व मोनोसाइट २००० असोत, किंवा १००० व ५०० असोत. गुणोत्तर दोनच येते. हे दोन रुग्ण एकाच पंक्तीत बसविणारे गणित वैद्यकास कितपत उपयोगी? सीमारेषेविषयीही एकवाक्यता नाही. कोणी ती १.१ वर आखली, तर कोणी तीनच्या आसपास. ज्या रुग्णसमूहावर रेषा शोधावयाची त्याच समूहावर ती सिद्ध झाल्याचे सांगावयाचे, हा या वाङ्मयातील सर्वांत ढोबळ दोष होय.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात या गुणोत्तराचा वापर करू पाहणाऱ्यास आणखी एक अडचण भेडसावते, आणि तिची दखल परदेशी निबंधांत क्वचितच आढळते. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या पिंपरी येथील कारखान्यात पेनिसिलिनपाठोपाठ स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले, ते क्षयाच्या निर्मूलनासाठी. क्षय अद्याप हटलेला नाही. मोनोसाइट व लिंफोसाइट यांचे प्रमाण क्षयाच्या प्रगतीबरोबर पालटते, हे फ्लॉरेन्स सेबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ च्या सुमारास सशांवरील प्रयोगांतून मांडले होते. म्हणजे जे चिन्ह आज लिंफोमाचे भवितव्य सांगते म्हणतात, तेच शतकापूर्वी क्षयाचे मानले गेले होते! मानेतील गाठ क्षयाची समजून महिनोन्महिने औषधे चालावीत आणि अखेरीस ती लिंफोमाची ठरावी, असे प्रसंग भारतीय वैद्यकीय वाङ्मयात वारंवार नोंदलेले आहेत. अशा रुग्णाचे विषम गुणोत्तर कोणत्या व्याधीच्या खाती मांडावे? मिनेसोटातील रुग्णाविषयी हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. चाकणच्या कामगाराविषयी तो पहिलाच असतो. याखेरीज बेंझिनच्या दीर्घ संपर्कानेही लिंफोसाइट घटतात, तेव्हा रंग व द्रावके हाताळणाऱ्याचा व्यवसाय विचारल्यावाचून त्याच्या रक्तगणनेचा अर्थ लावणे धाडसाचे होईल.

मोजणीची गोष्ट वेगळीच. काचपट्टीवर शंभर पेशी मोजून सहा मोनोसाइट आढळले, तर खरे प्रमाण सुमारे दोन ते बारा टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. एवढ्या अनिश्चित आकड्याने लिंफोसाइटांच्या संख्येस भागावयाचे आणि उत्तर दशांशस्थळापर्यंत लिहावयाचे, यात शास्त्रीयता कमी, डौलच अधिक. यंत्रगणना हजारो पेशी पाहते, म्हणून तेथे हा दोष सौम्य होतो. पण कोणत्या पद्धतीने गणना झाली हे निबंधात सांगितलेच नसेल, तर वाचकाने काय करावे?

स्वस्त चाचणी म्हणून गुणोत्तराचे आकर्षण समजण्यासारखे आहे. वय, लॅक्टेट डिहायड्रोजनेज, रोगाची अवस्था, रुग्णाची कार्यक्षमता आणि ग्रंथीबाह्य स्थाने यांवर आधारलेल्या १९९३ च्या आंतरराष्ट्रीय निर्देशांकाला पूरक म्हणून ते नोंदण्यास हरकत नाही. मात्र रक्त घेण्यापूर्वी रुग्णाला प्रेडनिसोलोन दिले होते काय, हे त्याच नोंदीत असले पाहिजे. कारण या औषधाने लिंफोसाइट आणि मोनोसाइट दोन्ही काही तासांतच घटतात, आणि गाठीचा छेद घेण्याआधीच ते सुरू झालेले अनेक वेळा आढळते.