पुंज की गुंज?

करोल बागेत जुनं सोनं वितळवून शुद्ध करणाऱ्या मराठी गलाईवाल्यांची दुकानं आहेत. यांतल्या बहुतेकांचं मूळ सांगली जिल्ह्यात, विटा-खानापूर-आटपाडीकडे. मूस, तेजाब, कस हे शब्द तिथे कुणाला समजावून द्यावे लागत नाहीत. मूलकणांविषयीचं मराठी लेखन वाचताना मला ही दुकानं आठवतात. अणूचं अंतरंग कळलं तेही सोन्यामुळेच. १९०९ साली मँचेस्टरमध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या वर्खावर अल्फा कण सोडले. बहुतेक आरपार गेले, मोजके उलट फिरले. त्यावरून रदरफर्ड यांनी १९११ साली अणुकेंद्राची कल्पना मांडली. ही गोष्ट मराठीत छान सांगता येते, कारण वर्ख वाचकाच्या ओळखीचा आहे.

वाचक अडखळतो तो पुढे. मराठी विश्वकोशात क्वांटमसाठी 'पुंज' हा शब्द आहे: पुंज सिद्धांत, पुंजयामिकी. पण तेजःपुंज, तारकापुंज, पुंजका या शब्दांनी घडलेल्या मराठी कानाला पुंज म्हणजे ढीग, पुष्कळांचा एकत्र गोळा. गठ्ठा या अर्थाने तो चालेल, असं समर्थन करता येईल. तरी ढिगातून मूठभर काढून घेता येतं. प्लांक यांनी १९०० साली मांडलं ते नेमकं याला नकार देणारं होतं: ठरावीक वारंवारतेच्या प्रारणाची ऊर्जा एक, दोन, तीन अशा पूर्ण हप्त्यांतच दिली-घेतली जाते; दीड हप्ता नाही. ज्या गोष्टीने थक्क व्हायचं, तीच या शब्दाआड लपते. हिंदीतल्या 'प्रमात्रा'मध्ये निदान 'मात्रा' तरी ऐकू येते.

सोनाराकडे याहून जवळचा शब्द होता. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. गुंज ही बी. ती मोजून तराजूत टाकायची, तोडून नव्हे. 'पुंज'ऐवजी 'गुंज' रूढ करा, असं मी म्हणत नाही. परिभाषा अशी बदलत नसते. पण समजावताना गुंजेपासून सुरुवात केली, तर उपमा कुठे तुटते तेही दाखवता येतं. तराजूतली प्रत्येक गुंज सारख्याच मोलाची धरतात. प्रकाशाच्या कणाची ऊर्जा मात्र रंगानुसार बदलते, निळ्याची जास्त, तांबड्याची कमी. हा फरक कळला की वाचक अर्धी वाट चालून आलेला असतो.

आपलं बरंचसं लोकप्रिय लेखन इथे थांबत नाही. इलेक्ट्रॉन गूढ आहे असं सांगून ते थेट मायावादाकडे वळतं. खरं नवल दुकानाच्या काचेआड आहे. सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन असतात. इतक्या जड केंद्राजवळ इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशवेगाच्या निम्म्याहून अधिक होतो, त्यामुळे ऊर्जापातळ्यांमधली अंतरं बदलतात, सोनं निळा प्रकाश शोषतं आणि पिवळं दिसतं. चांदीत हा परिणाम बराच कमी असतो, म्हणून ती पांढरी.

विज्ञानाच्या मराठी पुस्तकाचं परीक्षण करताना आपण भाषा ओघवती आहे की नाही एवढंच पाहतो. मी आणखी एक कस लावीन: पुस्तक मिटल्यावर मुशीपुढे बसलेल्या माणसाला पुढचा प्रश्न स्वतःच्या शब्दांत विचारता येतो का? 'मग तांबं तांबडं का?' असं त्याने विचारलं, तर लेखकाचं काम झालं.