अ‍ॅल्युमिनियमचा डबा आणि शिवलेले केस

‘गुड हेअर’ हा माहितीपट २००९ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शन जेफ स्टिल्सन यांचे असून निवेदक आहेत प्रसिद्ध विनोदी नट ख्रिस रॉक. त्या वर्षीच्या सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. ‘बाबा, माझे केस चांगले का नाहीत?’ अशा अर्थाचा प्रश्न लहान मुलीने विचारला आणि त्यातून रॉक यांचा शोध सुरू झाला. कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रिया कुरळे केस सरळ करण्यासाठी कोणती रसायने वापरतात, दुसऱ्याचे केस आपल्या डोक्यावर शिवून का घेतात, त्यासाठी किती पैसे मोजतात आणि ते केस येतात कोठून, याचा हा हसत-खेळत घेतलेला मागोवा आहे. मागोवा घेत घेत चित्रपट थेट तिरुपतीला येऊन पोहोचतो.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी या चित्रपटाची दखल घ्यावी याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, त्यातील एक प्रयोग अतिशय गाजला आणि तो गाजण्याजोगा असला तरी त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. दुसरे असे की, जादा केस लावून देण्याची सोय आता नाशिकसारख्या शहरातील ब्युटी पार्लरमध्येही मिळते. आपल्या वरच्या वर्गांतील मुली आणि त्यांच्या आया हा निर्णय घेतात तो बहुधा जाहिरातीच्या आधारे. अशा वेळी विज्ञानाने काही उपयोगाचे सांगितले पाहिजे. चित्रपट ते सांगतो का?

डब्याचा प्रयोग

केस सरळ करणाऱ्या ‘रिलॅक्सर’ नावाच्या मलमात सोडियम हायड्रॉक्साइड असते. चित्रपटात एक रसायनतज्ज्ञ शीतपेयाचे अ‍ॅल्युमिनियमचे डबे या रसायनात ठेवून दाखवतात. काही तासांत डबे झिजत, विरघळत जातात. हेच द्रव्य स्त्रिया डोक्याला लावतात, हे ऐकून रॉक यांना धक्का बसतो आणि प्रेक्षकालाही बसतो.

धक्का खरा आहे, पण तर्क लंगडा आहे. अ‍ॅल्युमिनियम उभयधर्मी आहे. आम्लात विरघळते तसेच अल्कलीतही विरघळते. सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर त्याचे सोडियम अ‍ॅल्युमिनेट होते आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. धुण्याच्या सोड्याने अ‍ॅल्युमिनियमचे पातेले खराब होते, हे घरोघरी ठाऊक असते. डब्याच्या जागी लोखंडी खिळा ठेवला असता तर काहीच घडले नसते. मग रिलॅक्सर निर्धोक ठरले असते काय? धातू विरघळला म्हणून केसाचे किंवा त्वचेचे काय होईल, हे त्यावरून ठरत नाही.

केसात जे घडते ते निराळे आहे. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के गंधक असते. प्रथिनांच्या शेजारशेजारच्या साखळ्या गंधकाच्या दोन अणूंमधील बंधांनी एकमेकींशी जखडलेल्या असतात. केसाचा कुरळेपणा टिकून राहतो तो यांच्यामुळे. तीव्र अल्कली या जोडीतील गंधकाचा एक अणू काढून टाकते आणि एकाच अणूचा नवा, कायमचा बंध तयार होतो. केस ताणून धरलेला असताना हे घडले की तो सरळच राहतो. बंधांचे हे जाळे विस्कटल्याने केस दुबळाही होतो. त्वचा भाजते आणि डोळ्यात गेल्यास अंधत्व येऊ शकते, हा धोका तर आहेच. म्हणजे चित्रपटाचा इशारा योग्य आहे, पण त्यासाठी दिलेला पुरावा दुसऱ्याच प्रश्नाचा आहे. नेत्रदीपक प्रयोग आणि नेमका प्रयोग यांतील फरक ज्या शिक्षकाला मुलांपुढे मांडायचा आहे, त्याला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

तिरुपती दिसते, गुंतवळ दिसत नाही

चित्रपटाचा दुसरा भाग शिवलेल्या केसांविषयी आहे. याची रीत अशी. स्वतःच्या केसांच्या बारीक वेण्या डोक्याला चिकटून घट्ट घालतात. बाहेरून आणलेले केस एका पट्टीवर झालरीसारखे यंत्राने शिवलेले असतात. ही झालर वाकड्या सुईने त्या वेण्यांवर टाचतात. एका जुडीचे वजन साधारण १०० ग्रॅम असते आणि पूर्ण डोक्याला दोन-तीन जुड्या लागतात. आपल्याकडचे गंगावन याचेच दूरचे भावंड. पण ते वेणीत गुंफतात आणि रात्री काढून ठेवतात. शिवलेले केस सहा ते आठ आठवडे डोक्यावर राहतात. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

हे केस तिरुमला येथे मुंडन करणाऱ्या भाविकांकडून येतात, असे चित्रपट दाखवतो. केस अर्पण करणारी बाई आणि त्यांसाठी हजार-हजार डॉलर मोजणारी बाई यांच्यातील अंतर त्यात परिणामकारकपणे दिसते. त्यानंतर, २०११ पासून, तेथील देवस्थान केसांचा ई-लिलाव करू लागले. मात्र ‘भारतीय केस म्हणजे देवळातले केस’ अशी जी समजूत चित्रपट पाहून होते, ती अपुरी आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या किंवा खानदेशातल्या खेड्यात राहणाऱ्या वाचकाला ते सांगायला नको. ‘केसांवर फुगे’ अशी आरोळी देत सायकलवरून किंवा मोटारसायकलवरून फिरणारा माणूस त्याने पाहिलेला असतो. विंचरताना निघालेले गुंतवळ बायका कोनाड्यात जपून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात मुलांना फुगे किंवा घराला एखादे भांडे मिळते. हे गुंतवळ व्यापाऱ्यांच्या हातांतून कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरला किंवा बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यात जाते. तेथे, मुख्यतः बायका, बसून एकेक केस सोडवतात आणि लांबीप्रमाणे लावतात. हा कच्चा माल स्वस्तात परदेशी जाऊन येथील कारागिरांचे काम बुडू नये म्हणून केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्रक्रिया न केलेल्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि जानेवारी २०२५ मध्ये किलोला ६५ डॉलरपेक्षा कमी किमतीच्या मालाची निर्यात बंद केली. या व्यापाराची दखल चित्रपट घेत नाही आणि त्यामुळे ग्राहकाला सर्वांत उपयोगी पडेल असा मुद्दा त्याच्या हातून निसटतो.

तो मुद्दा आहे दिशेचा. केसाच्या पृष्ठभागावर मंगलोरी कौलांसारखे एकावर एक खवले असतात आणि त्यांच्या मोकळ्या कडा टोकाकडे वळलेल्या असतात. मुंडनाचे केस जुडी बांधून कापले तर सर्वांची मुळे एका बाजूला राहतात. बाजारात अशा केसांना ‘रेमी’ म्हणतात. गुंतवळात निम्मे केस उलटे असतात. सुलट केसाशेजारी उलटा केस आला की खवले एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. लोकरीचा नमदा याच तत्त्वावर घट्ट होतो. नमद्यात जे हवे, तेच डोक्यावर नको असते. म्हणून हलक्या प्रतीच्या मालात आम्लाने खवले काढून टाकतात आणि वर सिलिकोनचा थर देतात. दुकानात असे केस उत्तम केसांहूनही अधिक चमकतात. काही वेळा धुतल्यावर थर जातो आणि उरतो तो रुक्ष, गुंतणारा केस. ‘१०० टक्के मानवी केस’ हे लेबल दोन्ही मालांवर खरेच असते. लेबल खोटे बोलत नाही. ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देते.

ओझे नव्हे, ताण

चित्रपट केसांच्या किमतीविषयी पुष्कळ बोलतो, पण ज्या मुळांच्या आधारावर ते शिवलेले असतात त्यांच्याविषयी फारच थोडे. येथे थोडे गणित करू.

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. केसाचा व्यास ७० मायक्रॉन धरला तर ६० सेंटिमीटर लांबीचा केस साधारण ३ मिलिग्रॅम भरतो. म्हणजे दाट, लांब केस असलेली बाई स्वतःच्याच केसांचे सुमारे ३०० ग्रॅम वजन जन्मभर बाळगते. दोन जुड्यांचे २०० ग्रॅम पन्नास हजार केसांत वाटले गेले तर प्रत्येकाच्या वाट्याला ४ मिलिग्रॅम येतात. एक निरोगी केस तुटायला ५० ते १०० ग्रॅम वजन लागते. तेव्हा ‘ओझ्याने केस जातात’ हे सरसकट विधान टिकत नाही.

तरीही केस जातात, कारण ताण सारखा वाटला जात नाही. वेणी घालताना हाताने दिलेली ओढ झालरीच्या वजनाच्या कितीतरी पट असते. ती रात्रंदिवस, एकाच दिशेने, आठवडेच्या आठवडे राहते. कपाळ आणि कानशिलांजवळचे केस मुळातच बारीक; नेमके तेच अधिक ताणले जातात. केस तुटत नाही, पण त्याचे मूळ हळूहळू निकामी होते. घट्ट केशरचनेमुळे केस मागे हटत गेल्याची नोंद ग्रीनलंडमधील स्त्रियांच्या बाबतीत १९०७ सालीच झाली होती आणि केस वर ओढून घट्ट बांधणाऱ्या शीख पुरुषांतही हा विकार आढळतो. सुरुवातीला ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षे ती चालू राहिली तर मूळ कायमचे जाते. म्हणून ‘पहिले दोन दिवस दुखणारच, म्हणजे चांगले घट्ट बसले’ हे वाक्य कोणी ऐकवले तर ते मानू नये. दुखणे, पुटकुळ्या, कपाळाजवळची लाली हे ताण जास्त झाल्याचे निरोप आहेत.

निवड करताना

एवढे कळले म्हणजे निवडीचे प्रश्न आपोआप सुचतात. एका समारंभापुरते केस हवे असतील तर गंगावन किंवा क्लिपचे केस पुरेत. ते रात्री उतरतात आणि मुळांना विसावा मिळतो. शिवूनच घ्यायचे असतील तर कपाळालगतच्या केसांना वेण्यांतून वगळावे, कमी जुड्या घ्याव्यात आणि बसवताना दुखले तर तेथेच थांबवावे. आठ आठवड्यांपलीकडे ठेवू नयेत आणि दोन वेळांत पुरेशी विश्रांती द्यावी. वेण्यांखालची त्वचा धुतल्यावर नीट वाळली पाहिजे. केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषतो आणि झालरीखाली ओल टिकून राहते. केस आधीच विरळ होत असतील, डोक्याला त्वचाविकार असेल किंवा आजारानंतर केस नुकते उगवत असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे. विकत घेण्यापूर्वी एक छोटी बट मागून घ्यावी, तीन-चार वेळा शांपूने धुवावी आणि मग पाहावी. किंमत भरमसाट असली म्हणजे माल चांगला, असे मात्र समजू नये.

वर्गासाठी

चित्रपटातील उणिवा भरून काढणारे तीन प्रयोग शाळेत सहज होतात.

पहिला: धुण्याच्या सोड्याच्या कोमट द्रावणाच्या तीन परीक्षानळ्या घ्याव्यात. एकीत अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख, दुसरीत लोखंडी खिळा, तिसरीत थोडे केस टाकावेत. वर्खावर बुडबुडे येतील. खिळा आणि केस दिसायला तसेच राहतील. (सोडियम हायड्रॉक्साइड मुलांच्या हाती देऊ नये.) डब्यावरून केसाचा निष्कर्ष का काढता येत नाही, हे मुलेच सांगतील.

दुसरा: एक लांब केस अंगठा आणि तर्जनी यांत धरून बोटे पुढे-मागे चोळावीत. केस एकाच बाजूला सरकत जातो, मुळाचे टोक पुढे करून. टोके उलट करून पुन्हा पाहावे. खवले दिसत नाहीत, पण त्यांची दिशा बोटांना कळते. बटेतील केस एकेक काढून असे तपासले तर ‘रेमी’ या दाव्याचीही परीक्षा होते. सर्व केस दोन्ही बाजूंना सारखेच सरकले तर खवले काढलेले असण्याचा संभव आहे.

तिसरा: केस स्टँडला बांधून त्याला पाच-पाच ग्रॅमची वजने लावत जावे आणि तो केव्हा तुटतो ते नोंदवावे. रंगवलेला, सरळ केलेला आणि साधा असे वेगवेगळे केस घेतले तर तुलना होईल.

काही जण केस जाळून परीक्षा करतात. खरा केस जळका वास देतो आणि त्याची राख चुरगळते; कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. परीक्षा योग्य आहे, पण ती तेवढेच सांगते. केस कोणत्या दिशेचा, त्यावर काय प्रक्रिया झाली, याबद्दल ती गप्प असते.

‘गुड हेअर’ मुलांना दाखवण्याजोगा आहे. मोठ्यांसाठीचे काही विनोद वगळून, निवडक भाग दाखवावा. एका मुलीला आपले केस वाईट का वाटावेत, हा त्यातील प्रश्न आपल्याही घरांतला आहे. ‘लांबसडक, काळेभोर’ या मापाने आपणही मुली मोजतो. तो प्रश्न चित्रपट धीटपणे विचारतो, याबद्दल त्याचे ऋण मानले पाहिजे. मात्र डबा विरघळू लागला की तेथे चित्रपट थांबवावा आणि वर्गाला विचारावे: या प्रयोगाने नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले? हा प्रश्न विचारायची सवय लागलेली मुलगी उद्या पार्लरच्या खुर्चीतही तो विचारील.