‘आपण’ म्हणजे कोण?

गेल्या जूनमध्ये पर्यावरण दिनाच्या निमित्ताने आमच्या महाविद्यालयात एक चारपानी पत्रक निघाले. पत्रक मराठीत होते आणि मी मराठीचा अध्यापक. त्यामुळे शुद्धलेखन तपासण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. विषय होता, वातावरण तापवणारे वायू कमी करण्यासाठी सामान्य माणसाने रोज काय करावे. जवळच्या अंतरासाठी चालावे, मोटारीऐवजी लोकलने जावे, वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर ठेवावे, मांसाहार कमी करावा, ओला व सुका कचरा वेगळा करावा. यातील एकही सूचना शास्त्राच्या विरोधात नाही, हे प्रारंभीच नमूद करतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही फार नव्हत्या. तरीही मी एका शब्दापाशी अडखळलो. तो शब्द म्हणजे ‘आपण’.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. ज्या भाषेला गावकुसाच्या आतले आणि बाहेरचे यांचा इतका सराव आहे, त्या भाषेत हा भेद क्षुल्लक मानता येणार नाही. पत्रकातील ‘आपण’ मुलुंडच्या विसाव्या मजल्यावरच्या कुटुंबाला आणि घाटकोपरच्या डोंगरउतारावर पत्र्याखाली राहणाऱ्या कुटुंबाला एकाच वाक्यात बसवतो. ‘आपण’ फार वीज जाळतो, ‘आपण’ फार कचरा करतो. कोण आपण?

अशा पत्रकांचा आता एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच झाला आहे. महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी पर्यावरणपूरक जीवनशैलीची कल्पना मांडली आणि २०२२ साली तिची मोहीम झाली. गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकांपर्यंत हे उपदेश-साहित्य पोहोचले आहे. कविता-कादंबरीला समीक्षक असतात, याला कोणी नाही. म्हणून ही तपासणी.

प्रथम साधा हिशेब करू. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बोरिवलीहून चर्चगेटच्या कचेरीत एकट्याने मोटार घेऊन जाणारा गृहस्थ जाऊन-येऊन ७० किलोमीटर काटतो. लिटरला १४ किलोमीटर धरले तर रोज ५ लिटर, म्हणजे साडेअकरा किलो. वर्षाचे २५० दिवस धरले तर जवळजवळ २.९ टन. भारतातील माणसामागे सरासरी कार्बन डायऑक्साइड वर्षाला सुमारे दोन टन आहे, आणि त्यात वीज, कारखाने, सिमेंट असे सारेच येते. म्हणजे हा गृहस्थ केवळ कचेरीला जाण्यात एका सरासरी भारतीयाच्या सबंध वर्षाहून अधिक धूर काढतो. त्याच बोरिवलीहून लोकलच्या दारात लोंबकळत जाणारा कामगार त्याच्या पासंगालाही पुरत नाही. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली. तेव्हापासून शंभर वर्षे कष्टकरी माणूस पत्रकातील पहिली सूचना पाळतो आहे. मात्र त्याच्या पाळण्याला पत्रक ‘सवय’ म्हणत नाही. ते त्याच्या लेखी दारिद्र्य असते. मोटारवाल्याने आठवड्यातून एकदा लोकल धरली की ती मात्र जीवनशैली ठरते.

दुसरी गोष्ट भाषेची. ‘माझी वसुंधरा’ अभियानाची मांडणी भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर आहे. कामाच्या विभागणीला काही नावे द्यावी लागतात, हे मान्य. परंतु कार्बन, मिथेन, कोळसा, पेट्रोल ही विसाव्या शतकातील कारखानदारीची आणि मालकीची भाषा आहे. तिचे भाषांतर पंचतत्त्वांत केले की मालक अदृश्य होतो आणि पाप-पुण्य शिल्लक राहते. मग शपथ येते, व्रत येते, धरणीमाता येते. विटाळ आणि शुचिता या शब्दांनी ज्यांच्या पिढ्या वेशीबाहेर ठेवल्या, त्यांना प्रदूषणाचा विचार पावित्र्याच्या भाषेत सांगणे हे भाबडेपणाचे तरी आहे किंवा सोयीचे तरी.

ही सोय अन्नाच्या परिच्छेदात उघडी पडते. गुराढोरांच्या रवंथातून मिथेन वायू निघतो, म्हणून मांस कमी खावे, असे पत्रक सांगते. शास्त्र खरे आहे. पण रवंथ करणारे जनावर केवळ कसायाच्या दारात नसते. गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीत १९४९ पासून म्हशींचे गोठे आहेत. त्या म्हशीही रवंथच करतात. जगात सर्वाधिक दूध भारतात निघते, आणि तूप, पनीर, श्रीखंड यांच्यामागे तोच मिथेन आहे. ‘दूध-तूप कमी करा’ हे वाक्य मात्र मला पत्रकात सापडले नाही. सुक्या बोंबलाचे कालवण किंवा मसूरची आमटी खाणाऱ्या घरापेक्षा रोज पनीर खाणारे घर या हिशेबात निर्मळ ठरेलच असे नाही. घाटकोपर-मुलुंडच्या कितीतरी इमारतींत मांसमासळी खाणाऱ्याला खोली मिळत नाही, हे मी स्वतः घर शोधताना अनुभवले आहे. त्या दाराला आता हवामानाची नवी कडी लागू नये, एवढीच माझी भीती आहे.

आता कचऱ्याकडे येतो, कारण या लेखाचे मूळ तिथे आहे. भाजीची देठे, शिळे अन्न, सालपटे यांना मोकळी हवा मिळाली तर त्यांचे खत होते. तीच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून कचऱ्याच्या डोंगराखाली दाबली की हवेवाचून सडतात आणि मिथेन सुटतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींच्या आसपास. म्हणून ओले-सुके घरातच वेगळे करणे ही पत्रकातील सर्वांत मोलाची सूचना आहे. तिला खर्च नाही, यंत्र नाही. दोन डबे लागतात.

देवनारला मुंबईचा कचरा १९२७ पासून पडतो. ज्या वर्षी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेच हे वर्ष. मुलुंडचे क्षेपणभूमी-मैदान १९६७ साली सुरू झाले आणि २०१८ साली बंद झाले. बोरिवलीजवळ गोराईचे २००७ साली बंद झाले. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटले तेव्हा त्याचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत उमटला. गोवंडीच्या लोकांना तो धूर छायाचित्राशिवायही ठाऊक होता. गोराईच्या ढिगावर झाकण घालून आतला वायू पकडण्याचे काम झाले आणि आशियाई विकास बँकेच्या कार्बन निधीने त्याचे पैसे मोजले. पकडलेल्या वायूला भाव आला, हे चांगलेच झाले. परंतु त्या ढिगात जाण्याआधीच कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक ज्या हातांनी वेचून काढले, त्या हातांचा हिशेब या पद्धतीत बसत नाही. भंगारातून पुन्हा अॅल्युमिनिअम करायला खनिजापासून करण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. तो डबा मात्र आधी कोणीतरी उकिरड्यातून उचलावा लागतो.

येथे मला दया पवारांचे ‘बलुतं’ आठवते. १९७८ साली हे आत्मकथन आले तेव्हा त्याच्या धीटपणाची, त्यातील वेदनेची, नकाराची पुष्कळ चर्चा झाली. त्यात मुंबईच्या कावाखान्यातील बाया आहेत. शहराच्या रस्त्यांवरून त्या कागद, चिंध्या, काचा, लोखंड गोळा करतात, निवडतात आणि विकतात. आम्ही समीक्षकांनी त्या पानांत दैन्य पाहिले, आणि ते तेथे आहेच. पण त्या पानांत एक विद्याही आहे. कोणती वस्तू कशात जाते, काय कशापासून वेगळे करायचे, कशाला बाजार आहे, हे ज्ञान त्या बायांकडे होते. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आई बांबूच्या वस्तू विणते. ती टोपली मोडली की मातीला मिळते. आज हीच गोष्ट ‘पर्यावरणस्नेही’ अशी चिठ्ठी लावून वातानुकूलित दुकानात विकली जाते. दलित आत्मकथनांतील श्रमाकडे आपण केवळ दुःखाचा पुरावा म्हणून पाहिले, ज्ञानाचा दस्तऐवज म्हणून पाहिले नाही. ही उणीव प्रस्थापित समीक्षेची आहे तशी आमचीही आहे.

माझीही आहे. माझी आई १९७२ च्या दुष्काळात आजी-आजोबांबरोबर जालन्याकडून मुंबईला आली, तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. पुढे वीस-बावीस वर्षे तिने मुलुंडच्या मैदानावर आणि आसपासच्या सोसायट्यांत कचरा वेचला. त्या गोणीवर माझी बी.ए.ची फी भरली गेली. नोकरी लागली, मी दोन खोल्यांचे घर घेतले, आई सोबत आली. पहिल्याच आठवड्यात ती रात्री घरातला डबा पालथा करून निवडायला बसली. सालपटे एकीकडे, दुधाच्या पिशव्या धुऊन दुसरीकडे, फुटलेला बल्ब जाड कागदात गुंडाळून तिसरीकडे. शेजारी पाहतील या भीतीने मी चिडलो. म्हणालो, “आई, आता तरी हे सोड. आपण त्यातून बाहेर आलोय.” ती हात न थांबवता म्हणाली, “तू आलास बाबा. सकाळी गाडीवर येती ती पोरगी कुठं आलीया? ज्याचा कचरा त्यानंच निवडला तर दुसऱ्याच्या हाताला काच लागत नाही.”

तिच्या डाव्या तळहातावर तीन टाक्यांचा व्रण आहे. माझ्या वाक्यातला ‘आपण’ही पत्रकातल्या ‘आपण’इतकाच खोटा होता, हे समजायला मला सहा वर्षे लागली. ते पत्रक माझ्या टेबलावर आले तेव्हा समजले. ज्या कामाची मला लाज वाटली, तेच काम छापील अक्षरात, गुळगुळीत कागदावर, सद्गुण होऊन आले होते.

आमच्यातील काही मित्र म्हणतात की हवामानाचा प्रश्न हा पोट भरलेल्या सवर्णांचा छंद आहे, आपले प्रश्न वेगळे आहेत. मला हे मान्य नाही. मे महिन्यात पत्र्याखालची खोली रात्रीही निवत नाही. पाऊस ढगफुटीसारखा कोसळतो तेव्हा घाटकोपर-विक्रोळीच्या उतारावरची घरे आधी जातात. १८ जुलै २०२१ च्या रात्री चेंबूरला आणि विक्रोळीला दरडी व भिंती कोसळून माणसे गेली. ती कोणत्या वस्तीतली होती, हे सांगायला नको. ज्यांनी सर्वांत कमी धूर काढला त्यांच्याच घरात आधी पाणी शिरते. हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि तो आमचाच आहे.

त्याचबरोबर आमच्यातून जो नवा नोकरदार वर्ग निर्माण झाला, त्यालाही उत्तर द्यावे लागेल. पंखा, शीतकपाट, उन्हाळ्यात गार खोली हे आमच्या माणसांनी आत्ता कुठे मिळवले आहे. ते सोडा, असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. पण जुन्या ७५ वॅटच्या पंख्याऐवजी ३० वॅटचा पंखा रोज १२ तास चालवला तर वर्षाला सुमारे २०० युनिट वाचतात. आपली बरीचशी वीज कोळशाची असल्याने तेवढ्यात १४० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वाचतो, आणि बिलही. यात त्याग काहीच नाही. मोटार घेण्याची ऐपत आल्यावरही वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोने जाणे, यातही कमीपणा नाही. प्रतिष्ठा धुराने मोजण्याची रीत आम्ही ज्यांच्याकडून उचलली, त्यांच्याकडून आता तीच सोडण्याचा उपदेश ऐकतो आहोत. ती आपल्या बुद्धीने सोडावी.

तर मग या उपदेशाची कसोटी कोणती? माझ्या मते प्रत्येक सूचनेला दोन प्रश्न विचारावेत. ती प्रथम कोणाला लागू आहे? आणि तिचे काम शेवटी कोणाच्या हातांनी होते? कचरा ज्याने केला त्याने तो निवडलाच पाहिजे, त्यात शपथेचा प्रश्न नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हे कर्तव्य घराघरावर टाकले आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. पुण्यात १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली आणि पुढे तिच्यातून ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था झाली. तेथे बाया दारोदार कचरा घेतात आणि घरटी शुल्क मिळवतात. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने ‘परिसर विकास’मधून वेचक बायांना खत आणि बायोगॅसच्या कामाचे शिक्षण दिले. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयात एप्रिल २०१७ मध्ये झाला, तोही युनियनच्या दीर्घ लढ्यानंतर. वायू कमी करण्याचे काम हे काम आहे. त्याला मजुरी, हातमोजे, दवाखाना आणि नाव मिळाले पाहिजे. त्याशिवायचे उपदेश-साहित्य म्हणजे दुसऱ्याच्या श्रमावर मिळवलेले पुण्य.

मी पत्रक तपासून परत दिले. शुद्धलेखन सुधारले आणि कचऱ्याच्या परिच्छेदात दोन वाक्ये वाढवली. काच कागदात गुंडाळून वेगळी द्या, आणि कचरा न्यायला येणाऱ्या बाईचे नाव विचारा. छापून आले तेव्हा ती दोन वाक्ये नव्हती, जागा पुरली नाही असे कळले. मी ती वर्गात फळ्यावर लिहिली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने ती उतरवून घेतली नाही, नुसती पाहत राहिली. तास संपल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, “सर, माझी मावशी त्या गाडीवर आहे.” पुढच्या तासाला तिने वर्गाला ओला आणि सुका कचरा कसा निवडायचा ते दाखवले. डबा मी माझ्या घरचा नेला होता, आईने भरून दिलेला.